आमची वाटचाल : पाच सेंटिमीटरचा हिशेब

कोल्हापूरच्या शिवाजी उद्यमनगरात आमचे लेथचे शेड वडिलांच्या काळापासून आहे. शिरोलीच्या फाउंड्रीतून पंपाचे आणि व्हॉल्व्हचे कच्चे ओतीव भाग आणायचे, टर्निंग-बोअरिंग करून परत पाठवायचे, एवढाच व्यवसाय होता. त्यात आमचे स्वतःचे म्हणावे असे काही नव्हते. व्यायामाच्या साहित्याकडे आम्ही ठरवून वळलो नाही. गल्लीतल्या तालमीला दोन रॉड आणि थोड्या प्लेटा करून दिल्या, त्या पाहून शेजारच्या तालमीने मागितल्या. पुढे २०१४ च्या ग्लासगो राष्ट्रकुल स्पर्धेत कुरुंदवाडच्या गणेश माळी, ओंकार ओतारी आणि चंद्रकांत माळी या तिघांनी वेटलिफ्टिंगची कांस्यपदके आणली आणि आमच्या भागातल्या मुलांचे लक्ष या खेळाकडे अधिकच वळले. तरीही २०२० पर्यंत हा आमचा जोडधंदाच होता.

टाळेबंदीने चित्र पालटले. राज्यातल्या व्यायामशाळा मार्चमध्ये बंद झाल्या त्या दसऱ्याला, २५ ऑक्टोबरला उघडल्या, आणि मधल्या काळात ज्याला त्याला घरी रॉड हवा होता. आम्ही घाईने २० किलोच्या प्लेटचा पॅटर्न, म्हणजे ओतकामाचा नमुना, केला, व्यास ३५० मिलिमीटर. आकार लहान असला की बीड (ओतीव लोखंड) जाड बसते, ओतकाम फसत नाही, टेम्पोत माल जास्त मावतो. आम्हाला तो हुशारीचा निर्णय वाटला होता.

मग इचलकरंजीच्या एका शिक्षकांचा फोन आला. चांगले सहा फूट उंच गृहस्थ. डेडलिफ्ट, म्हणजे जमिनीवरचा रॉड धरून सरळ उभे राहण्याचा व्यायाम, करताना पाठ वाकते, कंबर धरते, असे ते सांगू लागले, तेव्हा मी त्यांना पाठ सरळ ठेवण्याचा सल्ला दिला. त्यावर ते शांतपणे म्हणाले, “पाठीचं नंतर बघू. आधी टेप घ्या आणि तुमच्याच प्लेटा लावून तुमचा रॉड जमिनीपासून किती वर राहतो ते मोजा.” मोजले. १७५ मिलिमीटर. स्पर्धेच्या प्लेटचा व्यास ४५० मिलिमीटर असतो, म्हणजे रॉडचा मध्य जमिनीपासून २२५ मिलिमीटरवर हवा. आमचा रॉड पाच सेंटिमीटर खाली होता आणि त्यासाठी उंच माणसाला तेवढे जास्त वाकावे लागत होते.

ही उंची का महत्त्वाची, हे मला त्यानंतर शिकावे लागले. डेडलिफ्टमध्ये रॉड पावलाच्या मधोमध, नडगीपासून साधारण एक इंचावर असावा लागतो. पाय कमरेइतके फाकवून हात गुडघ्यांच्या किंचित बाहेरून धरायचे, मग नडगी रॉडला टेकेपर्यंत गुडघे पुढे आणायचे, आणि रॉड जागचा न हलवता छाती वर काढून पाठ ताठ करायची. पोटात श्वास भरून रोखायचा, रॉड आणि प्लेट यांच्यातली ढिलाई आधी ओढून घ्यायची, त्यानंतर जमीन पायांनी खाली ढकलायची. झटका देणारा माणूस ढिलाई काढत नाही. त्याच्या रॉडचा ‘खट्’ असा आवाज येतो आणि तो झटका कमरेला बसतो. रॉड वर येईपर्यंत पायाला घासत राहावा, वर पोहोचल्यावर मागे रेलू नये. यातले सगळे बरोबर केले तरी रॉड मुळातच खाली असेल, तर पुष्कळांच्या मांडीमागचे स्नायू तेवढी मुभा देत नाहीत आणि पाठ गोल होते.

विकलेल्या प्लेटा परत घेण्याइतके आमचे भांडवल नव्हते. म्हणून प्रत्येक गिऱ्हाइकाला प्लेटांखाली ठेवायला दोन इंच जाडीचे, वर रबर चिकटवलेले सागवानी ठोकळे फुकट पाठवले. त्यात त्या हंगामाचा बराचसा नफा गेला.

नवा पॅटर्न सोपा निघाला नाही. ४५० मिलिमीटर व्यासात २० किलो बीड पसरले की सरासरी जाडी साडेसतरा मिलिमीटर उरते. कडा जाड ठेवायची तर मधला पडदा आणखी पातळ होतो, तो लवकर थंड होऊन कडक पडतो, आणि लेथवर टूलचे तोंड जाते. पहिल्या लॉटमध्ये प्लेटा १९.४ पासून २०.७ किलोपर्यंत भरल्या. आता आम्ही किंचित जड ओततो, मागच्या बाजूने टर्निंग करून वजन उतरवतो आणि काट्यावर जोड्या जुळवतो. रॉडचेही तसेच. मऊ पोलादाचा रॉड रॅकच्या पिनेवर एकदा आपटला की कायमचा वाकतो, म्हणून ईएन-२४ हे मजबूत मिश्र पोलाद घेऊन उष्णतोपचार बाहेरून करून घेतो.

घरी जागा विचारणाऱ्यांना मी आधी खोलीची रुंदी विचारतो. रॉड २.२ मीटर लांब असतो आणि दोन्ही बाजूंना प्लेट सरकवायला जागा लागते, त्यामुळे दहा फुटांच्या आत अडचण होते. तळमजला उत्तम. वरच्या मजल्यावर राहत्या खोलीचा स्लॅब चौरस मीटरला सुमारे २०० किलो भार धरून आखलेला असतो. दोन थर प्लायवूड आणि कडेला जाड रबर टाकून वजन पसरवले तर उचलणे चालते, आपटणे चालत नाही. गॅलरीत मात्र मी कुणालाही देत नाही, यावरून दोन ऑर्डरी गेल्या आहेत. कोकणातल्या आणि मुंबईच्या गिऱ्हाइकांना रॉडबरोबर नायलॉनचा ब्रश आणि मशीन ऑइलची बाटली देतो, कारण पावसाळ्यात नर्लिंगच्या, म्हणजे पकडीसाठी रॉडवर पाडलेल्या, खाचांत घाम आणि गंज एकत्र बसतात.

रॉड आणि २० किलोच्या दोन प्लेटा मिळून ६० किलो होतात. नवख्या माणसाला तेवढ्याने सुरुवात जड जाते, त्याला पूर्ण व्यासाची १० किलोची प्लेट हवी असते. ती बिडात ओतली तर जेमतेम नऊ मिलिमीटर जाड होईल आणि पहिल्याच आठवड्यात तडकेल. ती रबराचीच लागते. रबराचा प्रेस आमच्याकडे नाही, म्हणून त्या प्लेटा आम्ही बाहेरून घेतो आणि बिलावर तसे लिहितो.