आयईएलटीएसची फी आणि विद्वानांचे ग्रंथ

गोव्यातून इंग्लंडला यायच्या तयारीत असलेला जवळजवळ प्रत्येक जण आधी आयईएलटीएस या इंग्रजीच्या परीक्षेची फी भरतो आणि त्या फीच्या नावाने बोटं मोडतो. (पोर्तुगीज पासपोर्टवाल्यांची गोष्ट वेगळी, ब्रेक्झिटपर्यंत ते परीक्षेविना थेट इंग्लंडातल्या स्विंडन शहरात उतरत होते.) या परीक्षेचे मालक तीन, आणि त्यांतला एक म्हणजे केंब्रिज विद्यापीठाचा प्रकाशन आणि परीक्षा विभाग. आठव्या हेन्री राजाने १५३४ साली छपाईची सनद दिली, तेव्हापासूनचं हे घराणं. प्रकाशन आणि परीक्षा ही दोन खाती २०२१ मध्ये एकत्र झाली. तेव्हा तुम्ही पणजीत भरलेल्या फीतला थोडासा तरी वाटा कुठल्यातरी मध्ययुगीन व्याकरणावरच्या जाडजूड ग्रंथाला लागत असेल, असं मी इथे आलेल्या गोंयकारांना सांगते. कोणी खूश होत नाही.

मी केंब्रिजमध्ये एका ग्रंथालयात पुस्तक-खरेदीच्या टेबलावर काम करते. तिथे बसून एक गोष्ट पक्की कळली: विद्वानांचं पुस्तक स्वतःच्या विक्रीवर क्वचितच जगतं. कोणीतरी त्याला पोसतं. इथे आधी बायबल छापायच्या मक्त्याने पोसलं, मग शाळेच्या पुस्तकांनी, इंग्रजी शिकवायच्या पुस्तकांनी, परीक्षांनी. आपल्या दप्तरात ऑक्सफर्डचा ॲटलास आणि डिक्शनरी असायची, तीही याच हिशेबात धरा. अमेरिकेत बरीच विद्यापीठं आपल्या प्रेसला दरवर्षी अनुदान देतात आणि अधूनमधून ते काढून घ्यायची भाषा करतात. २०१९ मध्ये स्टॅनफर्डसारख्या गडगंज विद्यापीठाने आपल्या प्रेसचं वर्षाचं १७ लाख डॉलर अनुदान थांबवायचं ठरवलं होतं. प्राध्यापक खवळले, तेव्हा माघार घेतली.

याचा गोव्याशी जवळचा संबंध आहे. सांकवाळचे धर्मानंद कोसंबी १९१० मध्ये हार्वर्डला गेले ते ‘विसुद्धिमग्ग’ या पाली ग्रंथाच्या संपादनासाठी. ते काम हेन्री वॉरन नावाच्या अमेरिकन अभ्यासकाने सुरू केलं होतं, पण १८९९ मध्येच तो वारला होता. जाताना त्याने हार्वर्डच्या प्राच्यविद्या ग्रंथमालेसाठी पैसे मात्र ठेवले. मुखपृष्ठावर श्रेय कोणाचं, यावरून मालेचे संपादक लॅनमन आणि धर्मानंद यांचा खटका उडाला आणि धर्मानंद परतले. पुढे पुन्हा जाऊन त्यांनी काम पुरं केलं. ग्रंथ निघाला १९५० मध्ये, धर्मानंद जाऊन तीन वर्षं झाल्यावर. मालेतला तो ४१वा. आणि ४२वा, १९५७ चा, संस्कृत सुभाषितांच्या ‘सुभाषितरत्नकोश’ या संग्रहाची चिकित्सक आवृत्ती; संपादक वा. वि. गोखले आणि दामोदर धर्मानंद कोसंबी. बापाच्या मागोमाग लेकाचा खंड! वॉरनच्या मृत्यूनंतर पन्नास वर्षं थांबायची तयारी कुठल्या बाजारी प्रकाशकाने दाखवली असती? मृत्युपत्रातला पैसा थांबू शकतो, कर्जाचा नाही.

आता तसे वॉरन नाहीत, आणि ग्रंथालयांचे पैसे नियतकालिकांच्या वर्गण्यांत जातात. त्यामुळे एका शोधग्रंथाच्या जिथे पूर्वी हजार-दीड हजार प्रती निघायच्या, तिथे आता काहीशेच निघतात. कापडी बांधणीची प्रत नव्वद पौंडांना, म्हणजे आपले दहा हजार रुपये. ती व्यक्तीने घ्यावी अशी कोणाची अपेक्षाच नसते. मागणी येईल तशी एकेक प्रत छापतात, म्हणून पुस्तक कधी ‘संपत’ नाही आणि कुठल्या दुकानात दिसतही नाही. केंब्रिजने स्वतःची छपाई २०१२ मध्ये बंद केली, ऑक्सफर्डचा उरलासुरला छपाई विभाग २०२१ मध्ये. नावात प्रेस आहे, यंत्र कुठेच नाही.

मग उरलं काय? हस्तलिखित दोन तज्ज्ञांकडे पाठवणं, त्यांचे शेरे लेखकाच्या गळी उतरवणं, विद्यापीठातल्या प्राध्यापकांच्या समितीपुढे ते मंजूर करून घेणं, ओळ न् ओळ तपासणं, सूची करून घेणं. माझ्या मते हेच खरं काम होतं आणि आहे. कागद हा भाग स्वस्तच होता.

ई-पुस्तकाने सगळं सोपं होईल, ही आशा आमच्या टेबलावर फार टिकत नाही. कायद्याने ब्रिटन आणि आयर्लंडमधल्या सहा ग्रंथालयांना प्रत्येक नव्या पुस्तकाची प्रत मिळण्याचा हक्क आहे. २०१३ पासून ती ई-रूपातही देता येते. पण ती ई-प्रत ग्रंथालयातल्याच संगणकावर उघडायची, आणि एका वेळी एकाच वाचकाने. दुसरा आला तर थांबायचं. संगणकात असलेल्या पुस्तकासाठी रांग!

फोंड्याची माझी भाची गोवा विद्यापीठात पीएचडी करते. तिचा मेसेज ठरलेला: “मावशी, एवढंच प्रकरण पाठव ना.” आमच्या वेळी झेरॉक्सवाला होता. दिल्ली विद्यापीठातल्या अशाच एका झेरॉक्स दुकानावर २०१२ मध्ये ऑक्सफर्ड, केंब्रिज आणि टेलर अँड फ्रान्सिस यांनी दावा ठोकला. २०१६ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने अभ्यासासाठीच्या प्रतींना कायद्यात जागा आहे असं म्हटलं, आणि २०१७ मध्ये प्रकाशकांनी दावा मागे घेतला. मला तेव्हा आनंद झाला होता, आजही त्यात बदल नाही.

भाचीला आता पूर्वीपेक्षा खूप काही फुकट आणि राजरोस वाचता येतं. लंडनचं यूसीएल प्रेस २०१५ पासून सगळी पुस्तकं खुली ठेवतं. ब्रिटनच्या सरकारी संशोधन निधीतून झालेलं पुस्तक २०२४ पासून वर्षाच्या आत खुलं करावंच लागतं. डीओएबी नावाची खुल्या पुस्तकांची सूची नेटवर आहे, तिच्यात शोधलं की पणजीत पाटोच्या सेंट्रल लायब्ररीत बसून हजारो ग्रंथ उघडतात. पण वाचकाने पैसे दिले नाहीत, तर ते दुसऱ्या टोकाला मागितले जातात. एक पुस्तक खुलं करायला अनेक प्रेस लेखकाकडून किंवा त्याच्या संस्थेकडून दहा हजार पौंडांच्या आसपास घेतात. केंब्रिजच्या प्राध्यापकाला ते अनुदानातून मिळतात. भाचीने ते कुठून आणायचे? सवलती असतात, पण त्या मागाव्या लागतात, आणि मागणाऱ्याचा सूर आपोआप खाली येतो. फुकट वाचा पण लिहू नका, असा हा मामला झाला तर मला तो पटत नाही.

एमआयटी प्रेसची रीत मला बरी वाटते. तिथे अनेक ग्रंथालयं मिळून वर्षाची रक्कम भरतात. ती पुरेशी जमली की त्या वर्षीचे नवे शोधग्रंथ सगळ्यांना खुले होतात आणि लेखक एक पै देत नाही. आपल्याकडे हे परकं नाही. पुण्याच्या भांडारकर संस्थेच्या महाभारताला औंधच्या पंतप्रतिनिधींनी आधार दिला, मराठी विश्वकोश सरकारी पैशावर झाला आणि आज कोणालाही नेटवर फुकट वाचता येतो.

गोव्यात १५५६ मध्ये युरोपीय छापखाना आला हे आपण भाषणांत अभिमानाने सांगतो. पण भाचीचा विषय आहे कोमुनिदादींची, म्हणजे गावची सामाईक जमीन सांभाळणाऱ्या गावकरी संस्थांची, मोडी कागदपत्रं. मराठीत लिहिलेल्या अशा ग्रंथाचे वाचक दोन-तीनशे. त्यासाठी छापखाना नको, ताळगाव पठारावर विद्यापीठात नवी इमारत तर नकोच. एक पूर्णवेळ संपादक, परीक्षकांना मानधन आणि सूची करणारा माणूस, एवढा खर्च विद्यापीठ, पाचसहा कॉलेजं आणि दोनचार देवस्थानं मिळून सहज उचलतील. सध्या भाची स्वतःच परीक्षक शोधत फिरते आहे. मोडी आणि जुनी पोर्तुगीज दोन्ही वाचणारं कोणी तुमच्या ओळखीत असेल तर मला सांगा. ती फोंड्याहून पेडण्यापर्यंत कुठेही जायला तयार आहे.