आज बी फॉर्मवर सही केली नाही

आज कोथरूडमधल्या एका हॉस्पिटलात फायरच्या तपासणीला गेलो होतो. आगीपासून बचावाची यंत्रणा नीट चालू असल्याचा दाखला म्हणजे बी फॉर्म, त्यावर सही करायची होती. पंप एका झटक्यात सुरू झाला, हायड्रंटला, म्हणजे आग विझवायच्या पाण्याच्या नळाला, प्रेशर छान, आग विझवायच्या सिलिंडरचे काटेही हिरव्यात. पण तिसऱ्या मजल्यावरच्या आपत्कालीन जिन्याला कुलूप! किल्ली सिक्युरिटीकडे, आणि तो गेलेला जेवायला. उघडून बघतो तर जुन्या गाद्या, मोडके पलंग, सलाइनचे रिकामे खोके छतापर्यंत रचलेले.

खरंच संताप आला. आयसीयूतला पेशंट उठून पळू शकत नाही हो, त्याला पलंगासकट हलवावं लागतं. त्यात ऑक्सिजन कुठे गळत असेल तर साधी चादरही भराभर पेटते. जानेवारी २०२१ मध्ये भंडाऱ्यात १० बाळं गेली, त्याच वर्षी नोव्हेंबरात नगरच्या सिव्हिलचा आयसीयू जळाला. इतक्यात विसरलो आपण?

बी फॉर्म वर्षातून दोनदा, जानेवारी आणि जुलैत द्यावा लागतो. जिना मोकळा झाल्याशिवाय सही नाही, असं स्पष्ट सांगून आलो. मॅनेजर नाराज झाले, पण मेट्रनबाईंनी वॉर्डबॉयना बोलावून लगेच गाद्या काढायला घेतल्या. फार बरं वाटलं. उद्या परत जातोय. वॉर्डचा ऑक्सिजन बाहेरून बंद करायचा व्हॉल्व्ह रात्रपाळीच्या सिस्टरांनाही दाखवायचाय.