ओपिनेल पावसात आखडला, मामाचा वाढदिवस तोंडावर

मामाला वाढदिवसाला चाकू द्यायचाय, आणि मागच्या नोंदीत निवडीची गाडी ओपिनेल नं. ८ कार्बनवर (लाकडी मुठीचा, कार्बन स्टीलच्या पात्याचा फ्रेंच घडीचा चाकू) येऊन थांबली होती. ती मे महिन्यातली गोष्ट. तेव्हा पातं चिमटीत धरलं की अलगद उघडायचं. आता धो धो जुलै चालू आहे आणि तेच पातं मुठीत असं रुतलंय की खाचेत नख घालून ओढलं तर पात्याऐवजी नख उचकटतं. मामाचा वाढदिवस श्रावणात, म्हणजे दिवस हातावर मोजण्याइतके. त्यामुळे आज धारेबद्दल थोडकं आणि लाकडाबद्दल भरपूर.

नवीन मंडळींसाठी एवढंच: मामाची दापोलीच्या बाजूला बाग आहे आणि पावसाळ्यात तो आंब्याची कोय कलमं बांधतो, म्हणजे कोयीतून उगवलेल्या कोवळ्या रोपाच्या चिरेत चांगल्या झाडाची काडी बसवतो. म्हणजे चाकू सगळ्यात जास्त चालणार तो ऐन ओल्या हवेत, ओल्या हातात. त्यात मामा डावरा. बाजारातले तयार कलमाचे चाकू बहुतेक उजव्या हाताच्या हिशेबाने एका बाजूने घासलेले असतात, आणि घडीच्या चाकूंची नखाची खाचही एकाच बाजूला, उजव्या अंगठ्याच्या सोयीने. म्हणून माझी पहिली अट होती की खाचेला हात न लावता, दोन बोटांच्या चिमटीत पातं उघडलं पाहिजे.

या एका अटीवर व्हिक्टोरिनॉक्स पायोनियर हा स्विस घडीचा चाकू मागे पडला. माझा स्वतःचा रोजचा चाकू तोच आहे आणि त्याच्याबद्दल वाईट बोलायला जीभ रेटत नाही. त्याच्या मुठीवरच्या अ‍ॅलॉक्सच्या (अ‍ॅल्युमिनियमच्या) पत्र्याला ना पाणी लागत ना घाम, आणि ९३ मिलिमीटरचा देह खिशात कळतसुद्धा नाही. पण त्याची स्प्रिंग कडक आणि पातं आत दडलेलं, चिमटीत येतच नाही. त्याच कंपनीच्या फार्मरमध्ये करवत मिळते, बागेला ती उपयोगी, पण स्प्रिंगचं रडगाणं तेच. हिगोनोकामी हा जपानी घडीचा चाकू दिसायला झकास, पण त्याला लॉक नाही. पात्याच्या मागे आलेल्या शेपटीवर अंगठा दाबून धरावा लागतो आणि कलम करताना अंगठ्याला दुसरी कामं असतात. कोणीतरी रामपुरी सुचवला होता. मामाला भेट द्यायची आहे, पोलीस ठाण्यात नाही पाठवायचं.

राहता राहिला ओपिनेल. पातं मुठीच्या वर चांगलं डोकावतं, त्यामुळे डावऱ्यालाही चिमटीत सापडतं. साडेआठ सेंटिमीटरचं पातं, जाडी दोन मिलिमीटरच्या आतच, आणि १९५५ पासून असलेली ती फिरवायची लॉक रिंग. मूठ बीचची. सगळं दुखणं त्या मुठीत आहे.

आता आखडतो म्हणजे नेमकं काय होतं, ते बघू. पूर्ण मूठ फुगते असं आपण म्हणतो, पण मुठीचा मागचा भाग फुगला तरी पात्याला फारसा फरक पडत नाही, पातं ज्यात मिटतं ती चीर तिथे ऐसपैस असते. अडचण तोंडाशी आहे. तिथे लाकडाभोवती स्टीलची आतली कॉलर घट्ट बसवलेली असते आणि तिच्यातूनच रिव्हेट, म्हणजे पातं ज्याभोवती फिरतं ती खीळ, आरपार जातो. ओल शोषल्यावर लाकडाला बाहेर पसरायला कॉलर जागा देत नाही. मग ते आत, चिरेच्या दिशेने सरकतं आणि पात्याची टाच, म्हणजे मुठीकडचं टोक, चिरेच्या दोन्ही गालांच्या मधे चिमटते.

त्यातही बीच म्हणजे फुगण्यात बदनाम लाकूड. वाढीच्या कड्यांना समांतर दिशेत ते जितकं फुगतं, त्याच्या साधारण निम्मंच कड्यांच्या आडव्या दिशेत फुगतं. म्हणजे चीर कुठल्या बाजूने कापली आहे यावर बरंच अवलंबून. हे ओळखायची खूण मुठीवरच असते. बीचमध्ये बारीक तपकिरी चट्टे दिसतात, तांदळात किडे पडावेत तसे. ते चट्टे चिरेच्या दोन्ही बाजूंच्या गालांवर ठळक दिसत असतील तर समजायचं की चिरेवर येणारा दाब जास्तीत जास्त असणार. माझ्या मुठीवर दोन्ही गाल चट्ट्यांनी भरलेत. ऑनलाइन मागवलं की मूठ निवडता येत नाही, ही त्या प्रकाराबद्दलची माझी कायमची तक्रार. (शिवाय विक्रेत्याने कार्बनचं पातं तेलाचं बोटही न लावता पाठवलं होतं आणि टाचेपाशी गंजाचा ठिपका घेऊनच ते घरी आलं.)

तर उपाय. आधी सगळ्यांना माहीत असलेला सावोयी ठोका (सावोय म्हणजे ओपिनेलचा फ्रान्समधला मुलूख): रिंग मोकळी करायची, मुठीचं बूड टेबलावर आपटायचं, की पातं थोडं वर उचलतं. उचललं. पण दर वेळी कलमाच्या मांडवात बूड आपटत बसणारा मामा माझ्या डोळ्यासमोर येईना.

मग सुकवणं. हवाबंद डब्यात सिलिका जेलवर चाकू ठेवला. नारिंगी दाणे हिरवे पडले की कढईत मंद आचेवर परतायचे आणि पुन्हा डब्यात. काही दिवसांत पातं मेसारखं मोकळं झालं. यात नवल नाही, पण आपलं निदान बरोबर आहे एवढं कळलं. आणि क्रम महत्त्वाचा: आधी सुकवायचं, मगच तेल. ओल्या लाकडाला तेल पाजलं तर आतली ओल आतच कोंडते.

तेलाबद्दल माझं मत बऱ्याच जणांना पटत नाही, तरी लिहितो. जवसाचं तेल मुठीच्या बाहेरून उत्तम, पण ते रिव्हेटपाशी घालू नये. ते सुकतं म्हणजे घट्ट होतं, चिकट राळ बनतं, आणि मग पातं ओलीने नाही तर तेलानेच आखडतं. रिव्हेटच्या भागात मी औषधाच्या दुकानातलं लिक्विड पॅराफिन आणि मधमाशांचं मेण एकत्र गरम करून सोडलं. रिंग सर्क्लिप प्लायरने काढली, मुठीचं तोंड त्या कोमट मिश्रणात बुडवलं, आणि चिरेतून बारीक बुडबुड्यांची माळ लागली. लाकडातली हवा बाहेर आणि मेण आत. ते बघत बसण्यात एक संध्याकाळ कशी गेली कळलं नाही, घरच्यांना मात्र कळलं. जवसाच्या तेलाची फडकी चुरगाळून कोपऱ्यात टाकू नका, आपोआप तापून पेट घेतात. पसरून वाळवा. कोकणात वाशांना आणि होड्यांना काजूच्या टरफलाचं तेल लावतात, ते लाव, असंही एकाने सुचवलं. त्याने हाताची कातडी सोलवटते. मुठीला नाहीच.

मग परीक्षा. चाकू रात्रभर न्हाणीघरात, गरम पाण्याच्या बादलीशेजारी. सकाळी पातं उघडलं, पण कुरकुरत. पहिल्यापेक्षा कितीतरी बरं, तरी चिमटीत सुटण्याइतकं नाही. मेणाने ओल रोखली नाही, फक्त तिचा वेग कमी केला. पावसाळा चार महिने चालतो, तेव्हा वेग कमी करून भागणार नाही.

इथे हे लिहायला घेतलं होतं ते ‘इनॉक्स (न गंजणाऱ्या स्टीलच्या पात्याचा ओपिनेल) घेऊ का’ असं विचारण्यासाठी. पण इनॉक्सची मूठही त्याच लाकडाची, तेव्हा प्रश्न जागच्या जागीच. लिहिता लिहिताच डोक्यात आलं की मी चाकू पुण्याच्या कोरड्या डब्यात बसवतोय आणि तो राहणार आहे दापोलीत. सुतार पावसाळ्यात दार रंधतो, ते उन्हाळ्यात सैल पडणार हे धरूनच. मग चीर ओल्या लाकडावरच मोकळी करायची! फुगलेल्या अवस्थेत जिथे घासतंय तेवढंच काढायचं. पुण्यात हिवाळ्यात पातं किंचित खुळखुळेल, पण मामा हिवाळ्यात पुण्यात येतोच कुठे, आणि उघडलेल्या पात्याला रिंग धरून ठेवतेच.

म्हणून न्हाणीघरातून काढलेला फुगलेला चाकू तसाच घेतला. पात्याच्या टाचेवर दोन्ही बाजूंनी ६बी पेन्सिल घासली, पातं उघडमीट केलं आणि टॉर्च लावून चिरेत बघितलं. डाव्या गालावर रिव्हेटच्या अगदी वर, उडदाच्या दाण्याएवढा काळा चकचकीत डाग. उजव्या गालावर काहीच नाही. म्हणजे पूर्ण चीर आवळलेली नव्हतीच, एक उंचवटा सगळा खेळ करत होता. जुन्या हॅकसॉ ब्लेडच्या तुकड्यावर बोहरी आळीतून आणलेला ४०० नंबरचा वॉटर पेपर चिकटवला, पातं अर्धं उघडून ती पट्टी आत सरकवली आणि तेवढ्याच जागी हलक्या हाताने घासलं. पुन्हा पेन्सिल, पुन्हा टॉर्च. डाग मोठा आणि फिका होत गेला, मग दोन्ही गालांवर सारखा यायला लागला. तिथे थांबलो.

आणि पातं चिमटीत उघडलं. ओल्या लाकडात, डाव्या हाताने, आवाज न करता. मी रिंग फिरवून ते बंद केलं, परत उघडलं, परत बंद केलं. बायको म्हणाली, “झालं का?” झालं होतं, पण हात थांबेना.

आता त्या जागी उघडं पडलेलं लाकूड आहे, त्याला पुन्हा पॅराफिन-मेण द्यायचंय. सुकवून. सुकवल्यावर पातं किती खुळखुळतं तेही बघतो. फार वाटलं तर आतली कॉलर अगदी केसभर आवळता येईल.

धारेबद्दल बेत बदललाय. आधी नेहमीसारखी दोन्ही बाजूंनी धार लावणार होतो. पण कोय कलमात काडीच्या बुडाला पाचरीसारखा लांब उताराचा काप घ्यावा लागतो, आणि तो एका ओढीत सपाट यायला हवा. तो रोपाच्या चिरेत नीट टेकला तरच कलम धरतं. सपाट कापासाठी काडीकडची बाजू सपाट आणि उतार फक्त बाहेरून असला की सोपं जातं. मामा डावरा, म्हणजे उतार बाजारातल्या चाकूच्या उलट बाजूला. ओपिनेलच्या पात्याची गालफडं किंचित फुगीर घासलेली असतात, त्यामुळे आख्खं पातं सपाट करायला गेलो तर काही उरणार नाही. शेवटचे तीन-चार मिलिमीटर १००० नंबरच्या दगडावर झोपवून सपाट करायचे, उतार दुसऱ्या बाजूला ३००० वर, मग चामड्यावर हिरवी पेस्ट. नुसत्या दगडाची धार दिसते चांगली, पण धारेवर बर, म्हणजे धातूची बारीक कड, राहिलेली काडीच्या सालीला कळते, साल फाटते.

पॅटिनाचं बघायचंय. कार्बनचं पातं, समुद्राची हवा, आंब्याचा चीक. आधीच काळसर थर बसवलेला बरा, म्हणजे लाल गंजाला जागा कमी. कोकणातल्या माणसाला कोकणातलाच थर म्हणून कोकमाचं आगळ वापरायचा मोह झाला होता, पण आगळात मीठ असतं आणि मिठाने पात्याला खड्डे पडतात. तेव्हा कोमट व्हिनेगर, नाहीतर कैरी मिळाली तर तिच्यात पातं खोचून ठेवायचं. जुलैत कैरी शोधण्यापेक्षा व्हिनेगर सोपं.

चाकू कुरियरने पाठवणार नाही, स्वतः घेऊन जातोय. धारेची वस्तू फुकट देऊ नये असं आजीचं म्हणणं असायचं, म्हणून मामाकडून आधी एक रुपया घ्यायचा, असं आईने बजावलंय. मामीला बातमी लागली आहे, आणि तिचा फोन येऊन गेला: चाकूचं काय ते बघ, पण येताना तुझे दगड घेऊन ये, माझ्या विळीला धार राहिलेली नाही. विळीचं पातं वाकडं, तेव्हा सपाट दगडाचा उपयोग नाही. गोल दांडीचा दगड कुणी वापरला असेल तर कुठल्या नंबरचा घ्यायचा ते सांगा.