जलाशयाची तापवही: दुसरं वर्ष

आधी कबुली. मी पोहतो त्या जलाशयाच्या पाण्याचं तापमान वहीत टिपतो. त्यातल्या गेल्या वर्षीच्या सगळ्या आकड्यांपुढे मी आता पेन्सिलने प्रश्नचिन्हं घातली आहेत, कारण थर्मामीटर तपासायचं सुचलंच नव्हतं. या वर्षी सुरुवातीलाच थर्मासमध्ये बर्फाचा चुरा भरला, तो भिजेल इतकंच गार पाणी ओतलं, ढवळलं आणि दांडी पाच मिनिटं आत ठेवली. शून्य यायला हवं होतं, आलं ०.८. म्हणजे हिवाळ्यात ‘२० अंशांत तासभर पोहलो’ अशी जी फुशारकी मारली होती, ती बहुधा १९.२ ची होती. फुशारकीला बळच आलं, वही मात्र खोटी पडली. शून्याला जेवढा चुकतो तेवढाच विसाला चुकेल असं नाही, म्हणून जुने आकडे दुरुस्त केले नाहीत. सरळ नवा थर्मामीटर घेतला.

दुसरी सवय मोडली ती काठावर वाकून गुडघाभर पाण्यात मोजायची. तिथे ऊन तळापर्यंत पोचतं, तळचा चिखल तापतो, आणि आपण मोजतो ते पोहण्याचं पाणी नसतंच. खुल्या पाण्यातल्या आंतरराष्ट्रीय शर्यतींना सुरुवातीच्या दोन तास आधी, मार्गाच्या मध्यावर, ४० सेंटिमीटर खोलीवर तापमान घेतात. १६ ते ३१ अंशांच्या बाहेर गेलं तर शर्यत नाही. हे ४० सेंटिमीटर मी आता पाळतो. हात साधारण तेवढ्याच खोलीतून फिरतो, त्यामुळे आकडा आणि अंगाला लागणारं पाणी यांचा मेळ बसतो.

पण खरी मजा त्याच्या खाली आहे. त्यासाठी जाड काचेची बाटली घेतली, तिला सायकलच्या जुन्या ट्यूबचं वेष्टण केलं आणि बुडाशी शिसं बांधलं. एक दोरी गळ्याला, दुसरी बुचाला, आणि गळ्याच्या दोरीला दर मीटरवर गाठ. कयाकमधून बाटली हव्या त्या गाठीपर्यंत सोडायची, बुचाला झटका द्यायचा, बुडबुडे थांबेपर्यंत कळ काढायची, भरभर ओढून थर्मामीटर आत. ट्यूबमुळे वर येईपर्यंत पाणी फारसं तापत नाही. सहा मीटरपर्यंत हे जमतं. त्याखाली पाण्याच्या दाबाने बूच इतकं आत बसतं की एकदा झटक्यासरशी दोरी तुटली. बाटली वर आली ती रिकामी आणि बूच घट्ट. घरी कॉर्कस्क्रूने काढावं लागलं.

उन्हाळ्यातल्या एका निवांत दुपारची नोंद: ४० सेंटिमीटरवर ३०.१, एक मीटरवर २९.२, तीनवर २८.४, पाचवर २७.९ आणि सहावर २५.६. पाच आणि सहाच्या मधे जी उडी आहे तीच थर्मोक्लाइन, म्हणजे वरचं गरम आणि खालचं गार पाणी वेगळं ठेवणारा पट्टा. दोन-सव्वादोन अंशांत काय एवढं, असं मला वाटायचं. पण पाणी जितकं गरम, तितका एकेका अंशाने घनतेत पडणारा फरक मोठा. २९ आणि २८ अंशांच्या पाण्यातला फरक १० आणि ९ मधल्या फरकाच्या तिपटीहून जास्त असतो. म्हणून गरम जलाशयात थोड्या अंशांनीही थर घट्ट बसतात, आणि साध्या झुळकेने काही ते मोडत नाहीत. अशा दिवशी पाण्यात नुसतं उभं राहून पाहा. खांदे कोमट पाण्यात आणि पोटऱ्या अंशभर गार पाण्यात.

या वर्षी सगळ्यात जास्त शिकवलं ते वाऱ्याने. दोन दिवस पश्चिमेचा वारा सुटला होता. तिसऱ्या दिवशी पहाटे नेहमीच्या, म्हणजे पश्चिमेच्या काठावरून उतरलो आणि श्वासच अडकला. २५.३! आठवडाभर तिथे २८ च्या खाली गेलं नव्हतं. आधी वाटलं, हाही थर्मामीटर बिघडला. चालत पलीकडच्या काठाला गेलो तर २७.९. वाऱ्याने वरचं गरम पाणी पूर्वेला रेटलं होतं आणि त्याची जागा भरायला पश्चिमेला खालचं गार पाणी वर आलं होतं. वारा पडल्यावर हा सगळा कललेला थर पुन्हा सपाट व्हायला बघतो, तेव्हा झोपाळ्यासारखा मागेपुढे झुलतो. त्यामुळे पुढचे एक-दोन दिवस एकाच जागी सकाळी एक आकडा आणि संध्याकाळी भलताच. तेव्हापासून वहीत तापमानाच्या शेजारी वाऱ्याचा रकाना आहे, आणि तोही आजचा नाही, मागच्या दोन दिवसांचा.

पावसाळ्याबद्दल थोडक्यात: पोहलो नाही. ओढ्यांचं गढूळ पाणी गार आणि जड असतं, ते वरच्या पाण्याखाली शिरतं. वरून तळं निवळ दिसतं आणि खाली लोंढा चालू असतो. शिवाय वाहून आलेली लाकडं. सांडव्याच्या आणि विमोचकाच्या, म्हणजे पाणी सोडायच्या दाराच्या, बाजूला तर कुठल्याच ऋतूत जात नाही. तिथली ओढ पाण्यावर दिसत नाही, पायाला जाणवते तेव्हा उशीर झालेला असतो.

हिवाळ्याच्या तोंडाशी एक दिवस कुजक्या अंड्यासारखा वास आला. वरचं पाणी निवत निवत खालच्याइतकं गार झालं की थर मोडतात आणि तळचं प्राणवायू संपलेलं पाणी वर येतं. तीन दिवस सुट्टी घेतली. नंतर बाटली टाकली तर वरपासून सहा मीटरपर्यंत २२.४ ते २२.६, म्हणजे सपाट. आता कुठल्याही काठावरून उतरा, पाणी तेच.

सगळ्यात गार पाणी मात्र कडाक्याची थंडी ओसरल्यावर काही आठवड्यांनी मिळालं: १८.७, नव्या थर्मामीटरवर. पाणी निवायला वेळ घेतं, हे माहीत असूनही दरवर्षी मी फसतो. पन्नास मिनिटं पोहलो. थंडीने बोटं आखडली का ते कळावं म्हणून अंगठा करंगळीला टेकवून बघायची माझी सवय आहे. चाळिसाव्या मिनिटाला तो टेकेना, तरी दहा मिनिटं ओढली, हा निव्वळ हट्ट. बाहेर आलो तेव्हा ठीक होतो. दहा मिनिटांनी शर्टाची बटणं लागेनात आणि दात वाजायला लागले. अंगाचा बाहेरचा भाग गारच असतो आणि आतली ऊब तिकडे जात राहते, त्यामुळे काठावर आल्यावरही आतलं तापमान काही वेळ उतरतच राहतं. आता आधी ओले कपडे उतरवून कोरडे चढवतो, गप्पा मागाहून.

गरम पाण्याला आपण उगाच कमी लेखतो. २०१० साली संयुक्त अरब अमिरातीत फुजैरा इथल्या १० किलोमीटर शर्यतीत फ्रॅन क्रिपेन हा अमेरिकी पोहणारा दगावला. पाण्याच्या उष्णतेवर तेव्हा बरंच बोट ठेवलं गेलं. पाण्यात घाम आलेला कळत नाही आणि तहानही लागत नाही. ३० च्या वर असेल त्या दिवशी मी अंतर निम्म्यावर आणतो, टोपी घालत नाही आणि पाण्याची बाटली कमरेला बांधून मागे ओढत नेतो त्या नारिंगी फुग्याला बांधतो.

पुढच्या वर्षी सहा मीटरखाली जायचं आहे. बुचाऐवजी दाबाने न अडकणारी झडप कुणी बसवली असेल तर तिचा फोटो दाखवा, माझ्या आराखड्यात ती प्रत्येक वेळी उलटीच उघडते.