अजिंठ्याच्या खांबावरचे नाव

जळगावहून अजिंठ्याला नेलेल्या पाहुण्यांना जॉन स्मिथची गोष्ट हमखास ऐकवली जाते: २८ एप्रिल १८१९ रोजी मद्रास फौजेतला हा अधिकारी वाघाच्या शिकारीला निघाला आणि त्याला लेणी सापडली. त्याआधीचे एक वर्ष मात्र गाळले जाते, आणि तेच मला खटकते. १८१८ मध्ये पेशवाई बुडाली, खानदेश कंपनीच्या ताब्यात गेला, कॅप्टन जॉन ब्रिग्ज येथील कारभार पाहू लागला आणि सातमाळ्यातल्या भिल्लांना जेरबंद करण्याच्या मोहिमा निघाल्या. फौजा या टापूत वावरत होत्या, म्हणून शिकार घडली. वाघूरच्या काठच्या माणसांना ती लेणी ठाऊकच होती.

दहाव्या लेण्यात स्मिथने खांबावरच्या बोधिसत्त्वाच्या अंगावर आपले नाव आणि तारीख कोरली. आज ती अक्षरे डोक्याच्या वर दिसतात, कारण तेव्हा आत साचलेल्या गाळमातीच्या ढिगावर तो उभा होता. तेराशेहून अधिक वर्षे टिकलेल्या चित्राला या शोधातून पहिली मिळालेली भेट म्हणजे हा ओरखडा.

कंपनीच्या संचालकांनी १८४४ मध्ये रॉबर्ट गिल या लष्करी अधिकाऱ्याला चित्रांच्या नकला करण्यासाठी पाठवले. त्याने उमेदीची वर्षे येथे घालवली, आणि त्याच्या चिकाटीबद्दल मला आदरच आहे. पण नकला हव्या होत्या त्या लंडनला दाखवायला; ज्यांच्या डोंगरातली ही चित्रे, त्यांना त्या दिसाव्यात असे कुणाच्या मनातही आले नाही. १८६६ मध्ये लंडनच्या क्रिस्टल पॅलेसला आग लागली आणि गिलच्या बहुतेक नकला जळून गेल्या. तो १८७९ मध्ये वारला. त्याची कबर आपल्या भुसावळला आहे.

१८७२ पासून मुंबईच्या कला विद्यालयाच्या जॉन ग्रिफिथ्सने विद्यार्थ्यांना घेऊन तेच काम नव्याने केले, त्या नकलाही लंडनला गेल्या आणि १८८५ च्या आगीत त्यांतल्या अनेक भस्मसात झाल्या. एकदा हात पोळल्यावरही सगळा ठेवा पुन्हा साम्राज्याच्या राजधानीतच नेऊन ठेवणे, याला केवळ दुर्दैव म्हणता येत नाही.

नकला जळाल्या, तरी नकला करण्याची खूण मूळ भिंतींवर राहिली. रंग उठून दिसावेत म्हणून चित्रांना व्हार्निश फासले गेले होते. ते पुढे पिवळे पडले, त्यावर धूळ चिकटली आणि खालचे रंग झाकोळले. ते थर कापसाच्या बोळ्याने, बोटभर जागा धरून उतरवण्याचे काम भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाच्या रसायनतज्ज्ञांच्या वाट्याला आले.