धारावीच्या कुंभारवाड्यात: माती, चिंध्या आणि धूर

माहीम स्टेशनाच्या पूर्वेला उतरून धारावीत शिरलं की नव्वद फुटी रस्त्यालगत कुंभारवाडा लागतो. वस्ती मूळची सौराष्ट्रातली, म्हणून कानावर गुजराती पडते. मी गेलो ते दिवाळीच्या तोंडावर. पणत्या पार वाटेपर्यंत वाळत घातलेल्या.

चाकं आता बहुतेक विजेवर फिरतात. पाहावी ती भट्टी. घरांच्या मधोमध विटांची चौकोनी पेटी, वरून उघडी. ना धुराडं, ना तापमापक. जळण म्हणजे सुती चिंध्या आणि लाकडाचा भुसा. माल रचून झाला की माथ्यावर फुटकी खापरं. धूर मात्र जीव नकोसा करतो.

नुकसान होतं ते बहुधा सुरुवातीलाच. वरून वाळलेलं भांडं आतून ओलं असतं. गालाला लावून बघा, गार लागलं तर अजून दोन दिवस थांबा. नाहीतर 100 अंशांपाशी आतल्या पाण्याची वाफ होते आणि भांडं फुटतं, शेजारची दोन-चार घेऊनच. म्हणून पहिले काही तास नुसती धग द्यायची. 573 अंशांना मातीतली गारगोटी एकदम फुगते, निवताना तितकीच आकसते. घाईने खापरं काढली तर इथेच तडे जातात. मंद लाली दिसली की 700च्या आसपास पोचलात, नारिंगी झाली की 900.

घरी करून बघायचं असेल तर देशावरची काळी माती एकटी वापरू नका, वाळताना फार आकसते. तळ्याचा गाळ बरा. भिजवून गाळा; चार भाग मातीला एक भाग बारीक वाळू किंवा विटेची भुकटी, वर मूठभर चाळलेली लीद. ओल्या पट्टीवर 10 सेंटिमीटरची रेघ ओढा. वाळल्यावर 9च्या खाली आली तर वाळू वाढवा. चुनखडीचे खडे मात्र निवडून काढाच (लिंबू पिळलं की फसफसतात). भाजल्यावर त्यांचा चुना होतो, हवेतली ओल पिऊन फुगतो आणि चांगल्या भांड्याचे पंधरा दिवसांनी टवके उडतात.

विकत घेताना बोटाने वाजवून घ्या. खणखणीत वाजलं तर पक्कं, बद्द वाजलं तर कच्चं किंवा चिरलेलं. आणि नव्या पणत्या रात्रभर पाण्यात घाला, नाहीतर निम्मं तेल मातीच पिते.