पानात टाकलेले गेम

पन्नाशीला टेकलेल्या बाईच्या हातात कंट्रोलर दिसला की घरी येणाऱ्या माणसाला दोनच गोष्टी सुचतात. एक तर 'अरे वा, आता हेही का?' म्हणून हसायचं, नाही तर खरोखरच्या काळजीने विचारायचं, 'पण तुला यात मजा येते?' हसणाऱ्यांना चहा दिला की काम भागतं. विचारणाऱ्यांना मात्र नीट उत्तर द्यावंसं वाटतं, कारण ते 'हो' असलं तरी सरळ नाही. मजा येते. फक्त गेम बनवणाऱ्यांनी ती जिथे मांडून ठेवलेली असते, तिथे ती मला बहुतेक वेळा सापडत नाही.

प्लेस्टेशन माझं नाही. लेक शिकायला बंगळुरूला गेली तेव्हा होस्टेलवर नको म्हणून ते घरीच ठेवून गेली. टीव्हीखाली ते नुसतं धूळ खात पडलेलं मला बघवेना. रात्रीची भांडी आवरली की तासभर माझा, असं मग ठरून गेलं.

भावाचं मत विचाराल तर गेम होते ते आमच्या लहानपणीचे, आताचे नुसते सिनेमे. हे मत त्याच्या वयाच्या पुरुषांमध्ये फार पसरलेलं आहे आणि ते ऐकवताना सगळ्यांचा आवाज सारखाच भरून येतो. नव्वदच्या दशकातली सांगली. सुट्टीत भाड्याने आणलेला टीव्ही गेम. कॅसेटवर लिहिलेलं असायचं '९९९९९९९ इन १', आणि आत तेच पाच-सात गेम नावं बदलून पुन्हा पुन्हा. चालेना झाली की कॅसेट काढून फुंकर मारायची. त्या फुंकरीने आत नुसता दमटपणा जायचा, पण काढून परत बसवल्यामुळे कॅसेट चालायची आणि श्रेय फुंकरीला मिळायचं. स्टँडजवळच्या पार्लरमध्ये मुलींनी जायचं नसे. तिथल्या बातम्या भाऊ घरी आणायचा. आज मुस्तफाला कुठल्या स्टेजपर्यंत नेलं, एका रुपयात किती वेळ टिकला. त्या गेमचं खरं नाव कॅडिलॅक्स अँड डायनोसॉर्स, कॅपकॉम कंपनीचा, १९९३चा. ते कुणाच्या गावीही नव्हतं. पिवळ्या टोपीवाल्या हिरोचं नाव मुस्तफा, म्हणून गेमही मुस्तफा.

मजा होती, नाही कशाला म्हणू? पण ते गेम इतके अवघड का होते, हा प्रश्न भाऊ कधी विचारत नाही. पार्लरमधलं पोर तीन-चार मिनिटांत मेलं नाही तर पुढचं नाणं पडणार कसं? तसल्या बऱ्याच मशीनच्या पोटात बारीक बारीक बटणं असत. लाइफ किती द्यायचे, शत्रू किती कडक ठेवायचे, हे मालक त्यावरून ठरवू शकत असे. घरच्या कॅसेटचं गणित वेगळं, पण निष्कर्ष तोच. सुपर मारिओ ब्रदर्स हा १९८५चा गेम उण्यापुऱ्या चाळीस केबीचा. आज सकाळी फॅमिली ग्रुपवर आलेलं सुविचाराचं चित्र त्याहून जड असेल. तेवढ्याशा जागेत बत्तीस स्टेज बसवायचे आणि ते पोरांना महिनोन्महिने पुरवायचे, तर पावलोपावली मारण्यावाचून इलाज नव्हता. आम्ही ज्याला जिद्द म्हणत होतो, तिच्यात गल्ल्याचा आणि जागेच्या टंचाईचा वाटा बराच होता.

गेल्या दिवाळीत भाऊ भाऊबीजेला आला तेव्हा मी त्याच्यासाठी काँट्रा या लहानपणीच्या गोळीबाराच्या गेमचा संग्रह उतरवून ठेवला होता. कोनामी कंपनीने तो २०१९मध्ये पुन्हा विकायला काढलाय. कंट्रोलर हातात येताच त्याचा अंगठा आपोआप चालला. वर, वर, खाली, खाली, डावं, उजवं, डावं, उजवं, बी, ए. या क्रमाने बटणं दाबायचा हा गुप्त कोड, की मिळाले तीस लाइफ. धबधब्याच्या स्टेजला आम्ही दोघं पूर्वीसारखेच भांडलो, कारण तिथे एकजण भराभर वर चढला की पडदा वर सरकतो आणि खाली राहिलेला फुकट मरतो. "अरे थांब, मी मरतेय!" "तू चढ की पटकन!" सासूबाई आतल्या खोलीतून बाहेर येऊन बघून गेल्या. अर्ध्या तासाने भावाने कंट्रोलर खाली ठेवला. "तेव्हा केवढा मोठा वाटायचा गं," म्हणाला आणि चकलीच्या डब्याकडे वळला.

मी त्याला त्या कोडची गोष्ट सांगितली. काझुहिसा हाशिमोतो नावाचे एक जपानी प्रोग्रॅमर ग्रॅडियस हा गेम घरगुती मशीनसाठी तयार करत होते, १९८६च्या सुमारास. गेम तपासायला तो शेवटपर्यंत खेळावा लागे आणि तो त्यांना स्वतःलाच जमेना. म्हणून त्यांनी स्वतःपुरती ती वर-वर-खाली-खालीची युक्ती आत घालून ठेवली, आणि ती तशीच राहून दुकानात गेली. ज्याला आम्ही लहानपणी 'चीटिंग' म्हणून एकमेकांची उणीदुणी काढली, ती बनवणाऱ्याचीच कुबडी होती. भावाला हे फारसं आवडलं नाही. त्याचा एक सबंध उन्हाळा त्या पराक्रमावर उभा आहे.

मी सगळे गेम सगळ्यात सोप्या पातळीवर खेळते आणि त्याची मला तसूभरही लाज वाटत नाही. पूर्वी लाज वाटावी अशी सोयच करून ठेवलेली असे. १९९२च्या वुल्फेन्स्टाइन थ्रीडीमध्ये सोपी पातळी निवडली की तिचं नाव असायचं 'मी खेळू का, बाबा?' आणि शेजारी बाळाचं टोपडं घातलेला, तोंडात चोखणी असलेला हिरो. आता तसं नाही. २०१८च्या सेलेस्टमध्ये वेग कमी करता येतो, हवं तर मरणंच बंद करता येतं, आणि गेम त्याबद्दल टोमणा मारत नाही. द लास्ट ऑफ अस भाग दोनमध्ये साठाहून जास्त सोयी आहेत. अक्षरं मोठी करता येतात, हे माझ्या चाळिशीच्या दृष्टीने त्यातलं सगळ्यात थोर काम. बाकीच्या कित्येक गेमवाल्यांना वाटतं, खेळणारा टीव्हीला नाक लावून बसतो. कुणाला काय सापडलं, कुणी कुठे बोलावलंय, हे सगळं एवढ्याशा अक्षरात. मी सोफा सोडून खुर्ची पुढे ओढते, त्याशिवाय गत्यंतर नाही.

हात मंदावतात, हे मात्र खरं. २०१४मध्ये कॅनडाच्या सायमन फ्रेझर विद्यापीठातल्या लोकांनी स्टारक्राफ्ट २ खेळणाऱ्या ३,३०५ जणांच्या खेळाच्या नोंदी तपासल्या. खेळाडू सोळा ते चव्वेचाळीस वयाचे. बघून लगेच कृती करण्याचा वेग चोविसाव्या वर्षापासूनच उतरायला लागतो, असं दिसलं. चोवीस! म्हणजे माझी लेकही आता काठावर आली. त्याच अभ्यासातला पुढचा भाग मला जास्त आवडला. वय वाढलेले खेळाडू कमी खटाटोपात तेच काम करून घेतात. घरात कोणतीही सून पंचविशीनंतर हेच शिकते, पण कॅनडात सिद्ध झालं हे बरं. जपानच्या हामाको मोरी १९३०च्या जन्माच्या. गेम खेळतानाचे व्हिडिओ टाकणारी सगळ्यात वयस्क व्यक्ती म्हणून २०२०मध्ये गिनेसने त्यांचं नाव नोंदवलं, आणि त्या खेळत होत्या तो जीटीए ५, म्हणजे गुंडगिरीचा गेम. त्यांच्या मानाने मी अजून परकरातच आहे.

खरी अडचण वेगाची नाही, आकाराची आहे. आजचे मोठे गेम साठ-सत्तर तासांचे, मनावर घेतलं तर दीडशे-दोनशे तासांचे. आणि आमच्या पिढीला शिकवलंय काय, तर पानात टाकायचं नाही. वाढलेलं संपवायचं, आवडलेलं असो-नसो. हीच शिस्त घेऊन मी पहिले काही महिने खेळले. नकाशावर दिसेल ती खूण गाठायची, सांगितलेलं प्रत्येक काम करायचं, पेट्या उघडायच्या, फुलं तोडायची. त्याला खेळणं म्हणायचं की मार्चअखेर, मला सांगता येणार नाही. लेक फोनवर हसायची. "आई, ते सगळं करायचं नसतं गं. बुफे आहे तो."

तिनेच मग झेल्डाचा किस्सा सांगितला. निन्टेन्डोच्या झेल्डा मालिकेतल्या ब्रेथ ऑफ द वाइल्ड या गेममध्ये सगळ्या जगभर कोरोक नावाच्या छोट्या जीवांच्या ९०० बिया लपवलेल्या आहेत. त्या देऊन जवळची पिशवी मोठी करून घेता येते, पण त्यासाठी ४४१ पुरतात. त्यापुढे हट्टाने जो नऊशेच्या नऊशे गोळा करेल, त्याला बक्षीस मिळतं ते सोनेरी रंगाचं आणि आकाराने, काय सांगू, सकाळच्या विधीचं. बनवणाऱ्यांनी चक्क थट्टा केलीय. मला हे ऐकून जो मोकळेपणा वाटला! त्या दिवसापासून मी गेम अर्धे सोडायला लागले. एकात तर फक्त पहिलं शहर फिरले, तिथला बाजार बघितला, छपरावर चढून सूर्यास्त बघितला आणि आले परत. पैसे वसूल.

थांबवता न येणारे गेम मात्र माझ्याच्याने होत नाहीत. भाचा मोबाइलवर बीजीएमआय हा ऑनलाइन बंदुकांचा गेम खेळतो. त्याला जेवायला हाक मारली की, "मावशी, पॉज होत नाही!" खरंच होत नाही, समोर दुसरी माणसं असतात. एल्डन रिंग तर एकट्याने खेळलात तरी पॉज होत नाही, आणि सोपी पातळीही त्यात नाही. लोक त्याचं फार कौतुक करतात. करोत बापडे. त्यांच्या गॅसवर दूध नसणार. रोज हजेरी लावायला लावणारे गेमही मी ठेवत नाही. आज आलात म्हणून दहा नाणी, उद्या या म्हणजे वीस, परवा चुकलात तर पुन्हा एकपासून. नोकरीत बायोमेट्रिकवर बोट ठेवतेच की मी रोज. आणि पार्लरवाला निदान तोंडावर रुपया मागायचा, हे लोक फुकट म्हणून आत घेतात आणि मग टोपीचे, बंदुकीच्या रंगाचे, नाचाचे पैसे मागतात.

या सगळ्यातून माझ्याकडे टिकलेला गेम म्हणजे रेड डेड रिडेम्प्शन २. २०१८चा. दोन डिस्कवर येतो, शंभर जीबीच्या आसपास जागा खातो. गोष्ट १८९९ सालच्या अमेरिकेतली, दरोडेखोरांच्या टोळीची. आपण त्यातले आर्थर मॉर्गन. गोळीबार भरपूर आहे आणि तो मला धड जमत नाही. पण त्या गेममध्ये घोड्याला खरारा करावा लागतो, खायला घालावं लागतं. हिरोची दाढी दिवसागणिक वाढते. नदीवर गळ टाकून बसता येतं, आणि बसलेल्याला कुणी उठवत नाही. मी मुख्य रस्ता सोडून घोडा चालवत राहते, दौडवत नाही. ढग बदलतात, हरणं आडवी जातात.

सासूबाईंना हे आवडेल असं वाटलं नव्हतं. त्या एकदा मालिका संपल्यावर उठायच्या राहिल्या आणि तशाच बघत बसल्या. आता त्यांच्या सूचना असतात. "अगं, त्या घोडीला सकाळपासून काही घातलं नाहीस." "तो भिजलाय, त्याला शेकोटीपाशी ने." बंदूक निघाली की त्या जपमाळ घेतात आणि मासा लागला की माळ बाजूला ठेवतात. भावाने दिवाळीत काँट्रानंतर हाही हातात घेतला होता. घोडी चौखूर उधळत थेट झाडावर नेली, तर सासूबाईंनी पाहुणा म्हणूनही त्याची गय केली नाही.

ज्यांना हा गेम खेळायचा आहे त्यांनी इथेच थांबावं, पुढे गोष्ट फुटते. झालं असं की टोळीत एक हिशेबनीस आहे, स्ट्राउस नावाचा. तो गोरगरिबांना कर्ज देतो आणि वसुलीला आर्थरला पाठवतो. त्यातल्या एका कर्जदाराला क्षय असतो. आर्थर त्याला मारहाण करतो, तो आर्थरच्या तोंडावर खोकतो, आणि त्याची लागण होऊन पुढे आर्थर खंगत जातो. हे लेकीने व्हिडिओ कॉलवर सांगितलं, सासूबाई शेजारी बसलेल्या आहेत याचं भान न ठेवता.

"म्हणजे वसुलीला गेलाच नाही तर?" सासूबाईंनी विचारलं.

लेक थोडी अडखळली. "नाही गेला तर... काही होत नाही आजी. पण मग गोष्ट पुढे सरकत नाही. आणि पुढची गोष्टच तर भारी आहे!"

"सरकू दे नाही तर. सावकाराची कामं करायला हा काय त्याच्या दारचा गडी आहे?"

तेव्हापासून त्या वसुलीची खूण नकाशावर तशीच आहे आणि आम्ही तिच्या वाटेला गेलेलो नाही. लेक फोन केला की विचारते, "आई, अजून दुसऱ्याच भागात?" सोडून दिलेला गेम म्हणतात तो हाच, पण मी त्यात रोज असते. परवा गळ टाकून बसले असताना रात्र झाली, पाऊस आला, आणि मला वाटलं, लेकीचं म्हणणं एकदा ऐकावं, बघू तरी पुढे काय आहे. घोडी वळवली तशी मागून आवाज आला, "कुठे निघालीस?" मी सांगितलं. सासूबाईंनी क्षणभर विचार केला. "जायचंच असेल तर जा, पण आधी चौकशी कर," त्या म्हणाल्या, "त्यांच्याकडे आपल्या वानलेसवाडीच्या क्षयाच्या दवाखान्यासारखं काही आहे का."